आजचं चिंतन: गीता अध्याय 6, श्लोक 16 आणि 17. झोप चोरून बळ येत नाही



काल आपण सहाव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकापाशी थांबलो होतो. जागा स्वच्छ हवी, आसन फार उंच नको, फार खाली नको, पाठ-मान सरळ हवी, असं सगळं भगवंतांनी सांगून झालंय. वाचणाऱ्याला वाटतं की आता काहीतरी फार गूढ येणार. आणि पुढचा श्लोक काय सांगतो? जेवण आणि झोप!

सोळाव्या श्लोकाचा अर्थ साधा आहे. जो वाजवीपेक्षा जास्त खातो त्याला योग साधत नाही, आणि जो खातच नाही त्यालाही साधत नाही. सारखं लोळणाऱ्याला साधत नाही, तसाच रात्र रात्र जागणाऱ्यालाही साधत नाही. सतराव्यात भगवंत हेच उलट बाजूने मांडतात. ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, कामातली धडपड, झोपणं आणि जागणं हे सगळं ‘युक्त’ असतं, त्याचा योग दुःख दूर करणारा ठरतो.

लोळणाऱ्यांवर आपण सगळेच बोलतो. घरी आई बोलते, वडील बोलतात, आपणही स्टेटसला टाकतो. आज मला दुसऱ्या बाजूवर बोलायचंय, म्हणजे जागणाऱ्यांवर. कारण उमरेडच्या एका मुलाने काही आठवड्यांपूर्वी मला एक प्रश्न विचारला आणि तो डोक्यातून जातच नाहीये.

मुलगा तेवीस वर्षांचा. नागपूरला एका ठिकाणी नोकरी, रोज जाणं-येणं. आठ वर्षं कराटे करतोय, ब्राउन बेल्ट आहे, ब्लॅक बेल्टची परीक्षा तोंडावर आहे. जिमही करतो. शिवाय पोलीस भरतीची तयारी. त्याचं म्हणणं असं: “दादा, मी कशातच आळस करत नाही. तरी पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत डोळे मिटतात. जिममध्ये मागच्या वर्षी उचलायचो तेवढंही वजन आता उचलत नाही. मागच्या महिन्यात परत येताना गाडीवर डुलकी लागली, समोरून टिप्पर येत होता. आई म्हणते कराटे सोड. सोडू का? देवाला काय आवडेल?”

शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो. आपल्यातल्या किती जणांना हा प्रश्न असा विचारावासा वाटेल?

आधी मी त्याला कागदावर हिशेब मांडायला लावला. नोकरीचे नऊ तास. उमरेड ते नागपूर जेमतेम पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, पण शहरात शिरणं, गाडी लावणं, परत येणं धरून तीन तास. पहाटे भिवापूर रोडला धावणं एक तास. जिम दीड तास, कराटेचा क्लास दीड तास, रात्री अभ्यास तीन तास. झाले एकोणीस. आंघोळ, जेवण, घरची कामं यांचे दोन. एकवीस. चोवीसातून एकवीस वजा केले की तीन उरतात, आणि हा तीन तास झोपतोय. दीड वर्ष!

त्याच्याकडे वेळेचं नियोजन नाही असं म्हणायची सोय नाही. पट्ठ्याचं वेळापत्रक मिनिटाला बांधलेलं होतं. फक्त त्यात झोपेचं खातंच नव्हतं. जे उरेल ते झोपेला. आपण सगळे असंच करतो ना? ऑफिसचे तास साहेबाच्या हातात, क्लासची वेळ सरांच्या हातात, बसची वेळ एसटीच्या हातात. आपल्या हातात एकच गोष्ट राहते, झोप. मग जे काही नवीन करायचं ते तिच्यातून उसनं घ्यायचं.

भगवंतांनी नेमकं तिलाच योगाच्या यादीत घातलंय. झोप ही साधनेनंतर उरलेली वेळ नाही, ती साधनेचा भाग आहे, असं हा श्लोक सांगतो. मला तरी यात दुसरा अर्थ दिसत नाही.

आता ‘युक्त’ या शब्दाकडे या. आपण पटकन त्याचा अर्थ ‘संतुलित’ असा करतो, आणि संतुलन म्हटलं की डोळ्यासमोर तराजू येतो. दोन्ही पारडी सारखी. मग आपण कामाला इतके तास, अभ्यासाला इतके, व्यायामाला इतके असे समान वाटे करायला बसतो आणि आठवड्याभरात फसतो. पण ‘युक्त’ हा शब्द तराजूचा नाहीच. तो युज् धातूवरून आलाय, जोडणे, जुंपणे. योग हा शब्दही त्याच धातूचा. आणि आपल्या शेतातलं ‘जू’सुद्धा त्याच घरातलं.

पोळ्याला बैलं सजवताना जू पाहिलं असेलच तुम्ही. दोन बैल कधीच अगदी सारख्या ताकदीचे मिळत नाहीत. एक अंगाने दणकट असतो, दुसरा थोडा कमी. जाणता शेतकरी मग दोर जुवाच्या बरोबर मधोमध बांधत नाही, दणकट बैलाकडे थोडा सरकवून बांधतो. म्हणजे कमी ताकदीच्या बैलाच्या मानेवर कमी ओझं येतं आणि जोडी सरळ चालते. मोजपट्टी लावली तर ते असमान दिसेल. पण नांगर सरळ जातो. ‘युक्त’ म्हणजे हे. आणि दोर कुठे बांधायचा हे बैल बघून ठरतं, रान बघून ठरतं. पेरणीच्या वेळी वेगळं, गाडीला जुंपताना वेगळं.

ज्ञानेश्वर माउली या श्लोकांवर बोलताना मापाची भाषा वापरतात. खाणं मापात, बोलणं मापात, पावलं मापात. आणि झोपेबद्दल ते असं सांगतात की तिची वेळ आली की तिचाही मान राखावा. मान! पाहुणा दारात आला तर आपण त्याला जसा मान देतो तसा. 1290 साली लिहिलेल्या ग्रंथात हे आहे, आणि आपण मात्र ‘झोप काय, मेल्यावर मिळेलच’ असली वाक्यं जिमच्या भिंतीवर लावतो.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी बोट वर करणार, मला माहितीये. अर्जुनाचं एक नाव गुडाकेश आहे. गुडाका म्हणजे झोप, तिचा ईश, म्हणजे झोप जिंकलेला. भगवंत स्वतः त्याला या नावाने हाक मारतात. आदिपर्वात गोष्टही आहे की एकदा जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी हात बरोबर तोंडाशी जातोय हे अर्जुनाच्या लक्षात आलं. मग तो रात्रीच्या अंधारात धनुष्याचा सराव करू लागला. मग काय? अर्जुनाने जागलं तर चालतं आणि आम्ही जागलं तर नाही?

याचं उत्तर महाभारतातच आहे, पण ते फार लोक वाचत नाहीत. द्रोणपर्वात जा. युद्धाचा चौदावा दिवस. त्या दिवशी सूर्यास्ताला जयद्रथ पडला, पण युद्ध थांबलं नाही. रात्रीही चालू राहिलं, दिवट्या पेटवून. मध्यरात्री घटोत्कच गेला. सैनिक इतके थकले की हातातली शस्त्रं गळून पडू लागली, आपला कोण आणि परका कोण हे कळेना, झोपेच्या भरात लोक आपल्याच माणसांवर वार करू लागले. तेव्हा रणांगणाच्या मधोमध उभं राहून मोठ्या आवाजात कोण बोललं? अर्जुन. तो म्हणाला की तुम्ही सगळे आणि तुमची जनावरंही थकली आहेत, इथेच रणभूमीवर घटकाभर डोळे मिटा. चंद्र उगवला की पुन्हा लढू.

गुडाकेशाने सैन्याला झोपायला सांगितलं!

आणि दोन्ही बाजूंनी ते ऐकलं. कौरवांच्या सैनिकांनीसुद्धा त्याला आशीर्वाद दिले. कुणी घोड्याच्या पाठीवर झोपलं, कुणी रथात, कुणी हत्तीच्या मानेवर, कुणी सरळ जमिनीवर. तासा-दोन तासांपूर्वी एकमेकांचे गळे कापणारी माणसं शेजारी शेजारी झोपली. चंद्र वर आला तेव्हा उठली.

मला हा प्रसंग गीतेवरचं भाष्य वाटतो. ज्याने सहावा अध्याय प्रत्यक्ष ऐकला त्याने चौदाव्या रात्री तो वापरला. झोप जिंकणं म्हणजे झोप नाकारणं नव्हे, हे त्याला कळलं होतं. ज्याने झोप जिंकली आहे तो ठरवून जागू शकतो आणि ठरवून झोपूही शकतो. आपल्याला यातलं काहीच जमत नाही. रात्री बारा वाजता पुस्तकासमोर झोप येते, आणि झोपायला गेलं की मोबाईलवर दीड वाजतो. (त्या मुलाच्या तीन तासांतही अर्धा तास रील्सचा निघाला. विचारल्यावर हसला.)

थोडं हनुमंताकडे येऊ, कारण आखाडा असो की जिम, भिंतीवर तोच असतो. आपण त्याच्या दंडाकडे बघतो, हातातल्या डोंगराकडे बघतो. पण वाल्मीकी रामायणात रामाने त्याला पहिल्यांदा ओळखलं ते कशावरून? किष्किंधाकांडात हनुमान भिक्षूच्या वेषात येतो आणि बोलतो. तो बोलून थांबल्यावर राम लक्ष्मणाला सांगतो की याने वेद नीट अभ्यासलेत, व्याकरण अनेकदा ऐकलंय, इतकं बोलला पण एक शब्द चुकला नाही. बाहुबलाचा उल्लेखही नाही. जगातल्या सगळ्यात ताकदवान सेवकाची पहिली ओळख त्याच्या अभ्यासाने झाली.

आणि तो अभ्यास त्याने केला कसा? उत्तरकांडातली कथा सांगते की सूर्य त्याचा गुरू. सूर्याला थांबता येत नाही, त्याची ड्युटी आहे. मग हनुमान सूर्याकडे तोंड करून उदयाच्या डोंगरापासून मावळतीच्या डोंगरापर्यंत त्याच्यासोबत चालत राहिला आणि व्याकरण शिकला. नागपूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून चालू घडामोडी वाचणाऱ्या प्रत्येक पोराने ही गोष्ट लक्षात ठेवावी. अभ्यासाला टेबलच लागतं असं नाही.

“पण हनुमंताने मैनाक पर्वतावर विश्रांती घेतली नाही,” हेही कुणी म्हणेल. बरोबर आहे. समुद्र ओलांडताना मैनाक वर आला, म्हणाला, बस जरा. हनुमानाने त्याला हाताने स्पर्श केला, मान दिला आणि पुढे गेला. वेळ कमी होती. असे दिवस येतात. भरतीचा दिवस, परीक्षेचा दिवस, स्पर्धेचा दिवस. त्या दिवशी मैनाकाला नमस्कार करून पुढे जायचं. पण तो एक दिवस होता. काम फत्ते करून परत आल्यावर त्याच सुंदरकांडात सगळे वानर मधुवनात शिरून मध पिऊन धिंगाणा घालतात, तेही वाल्मीकींनी रस घेऊन लिहिलंय. आपण रोजचाच दिवस मैनाकाचा करतो आणि मधुवन कायमचं पुढे ढकलतो.

बरं, पुराणातलं सोडा. आपल्या महाराष्ट्रातलाच माणूस घ्या. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म 1926. शिकत शिकत कुस्ती केली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका पहिलवानासाठी एका शिक्षकाने घर गहाण ठेवलं! अभ्यास आणि आखाडा यांचं वैर आहे असं म्हणणाऱ्यांना हे सांगावं.

त्याच हेलसिंकीतली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती झाली, आणि दम खायला वेळ न देता त्यांना लगेच सोव्हिएत पहिलवानाशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो मागायला तिथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा लढले आणि हरले. सुवर्णाची वाट तिथे अडली. विश्रांतीचा तो अर्धा तास कुस्तीच्या नियमांत लिहिलेला होता, कारण तो कुस्तीचाच भाग आहे. त्यांच्यासाठी तो मागणारं कुणी नव्हतं. आपल्यासाठी मागायला निदान आपण तरी आहोत.

आता खाण्याबद्दल, कारण श्लोकात ते झोपेच्याही आधी आलंय.

न खाणाऱ्याला योग नाही, हे वाक्य आपल्या उपासवाल्या घरांमध्ये जरा मोठ्याने वाचायला हवं. मी उपासाच्या विरोधात नाही, माझी एकादशी असते. पण एकादशीला साबुदाण्यावर राहून संध्याकाळी डेडलिफ्ट मारणं ही भक्ती नाही. उपासाच्या दिवशी हलकं ठेवा, थोडं ताणणं, थोडं चालणं, नामस्मरण. आणि ज्यांच्या ज्युदो-तायक्वांदोच्या स्पर्धा वजनगटावर असतात, त्यांच्यातली काही पोरं दोन दिवस पाणी तोडून, मे महिन्याच्या उन्हात स्वेटर घालून पळतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. जीव जाऊ शकतो त्यात. असं करायला सांगणारा शिक्षक असेल तर शिक्षक बदला.

मुलींसाठी वेगळं बोलतो. सकाळी क्लासला जाणारी, दिवसा कॉलेज करणारी, संध्याकाळी घरच्यांना वाढून सगळ्यात शेवटी उरलेलं जेवणारी मुलगी मी आपल्या भागात खूप पाहतो. भाऊ जिमला जातो म्हणून त्याला अंडी आणि दूध, ही कराटेला जाते तरी हिला भाकर आणि झुणक्याचा तळ. ‘युक्त आहार’ हा फक्त तिने पाळायचा नियम नाही. ताट वाढणाऱ्या घराने पाळायचा आहे. ताई, तू स्वतः मागून घे. वरण जास्त घे, भिजवलेले चणे-शेंगदाणे तुझ्याही डब्यात असू दे. चक्कर येत असेल तर रक्त तपासून घे, लाजू नको.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायची आहे. प्रोटीनच्या डब्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती दुधाचीच भुकटी आहे, परवडत असेल आणि गरज असेल तर घ्या, नसेल तर डाळ-चणे-अंडी-दही आहेच. पण इंजेक्शन नाही. लवकर अंग भरावं म्हणून जिममधला कुणी ‘भाऊ’ सुई देतो म्हणाला तर तिथून उठा. सतराव्या अध्यायाच्या पाचव्या-सहाव्या श्लोकात भगवंत फार कठोर बोलतात. जे दंभाने, अहंकाराने, हट्टाने शरीराला पिळतात, ते शरीरात राहणाऱ्या मलाच पिळतात, असा त्यांचा भाव आहे. म्हणजे ही काया फक्त आपली मालमत्ता नाही, आत कुणीतरी राहतंय. आरशासमोर उभे राहाल तेव्हा हे आठवलं पाहिजे.

अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 पासूनचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली पोरं देशी खेळ दाखवायला जर्मनीला जाऊन आली. आज तिथे व्यायामही आहे आणि पदवीचं शिक्षणही. विदर्भात ही जोडी नवीन नाही. तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याचा विषय भजन-प्रार्थनेइतकाच मन लावून मांडलाय. आपल्याकडच्या कितीतरी गावांत पहाटेचं ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना अजून चालते. दिवसाला दोन खुंट्या ठोकायच्या, मधलं सगळं त्यांना बांधायचं. ही पद्धत कुठल्याही अ‍ॅपपेक्षा बरी आहे, असं माझं मत.

परत त्या मुलाकडे येतो. कराटे सोडू का?

मी त्याला विचारलं, या वर्षी नांगर कशासाठी जुंपलाय? तो म्हणाला, भरतीसाठी. घर त्याच्यावर आहे, वडिलांचं काम आता होत नाही. मग बघा. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानात निम्मे गुण मिळवल्याशिवाय लेखीला घेत नाहीत, पण मैदान कितीही मारलं तरी 100 चा पेपर बसूनच सोडवायचा आहे. म्हणजे दोर कुठे सरकवायचा ते आपोआप ठरतं.

आम्ही मिळून असं ठरवलं. धावणं आणि जिम एका दिवशी नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे मैदान, त्यातच शेवटी गोळा. त्या तीन संध्याकाळी कराटे. मंगळवार आणि गुरुवारी जिम, तीही एकच तास: बैठका, उचलणं, ढकलणं, बस. आरशातले बायसेप्स पुढच्या वर्षी. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा बरीच कमी मेहनत लागते, हे कुठलाही जाणता वस्ताद सांगेल. गाडी बंद, बसने जायचं. वेळ तेवढाच जातो, पण त्यातला एक तास वाचनाचा होतो, आणि टिप्परची भीतीही जाते. घरी रात्री एक तास, जिमच्या दिवशी दोन. शनिवारी व्यायाम नाही, संध्याकाळी गणित. रविवारी सकाळी पाच तास अभ्यास, दुपारी झोप, संध्याकाळी आईला घेऊन कुठेतरी जाणे. मोबाईल दहा वाजता देवघरात.

हिशेब केला तर झोप साडेसहा-सात तासांवर आली. कराटे सुटलं नाही. आणि ब्लॅक बेल्ट? तो एक वर्ष पुढे ढकलायचा. इथे तो अडला. चेहरा पडला. म्हणाला, “बरोबरचे सगळे या वर्षी देणार.”

खरी कसोटी हीच होती मित्रांनो. वेळापत्रक लिहिणं सोपं आहे. बरोबरचे पुढे जाताना बघणं अवघड आहे. ब्लॅक बेल्ट वाईट नाही, तो त्याने घ्यावाच. पण या वर्षी त्याला तो कशासाठी हवा होता? कलेसाठी, की गटात मागे पडू नये म्हणून? मी विचारलं नाही, त्यानेच दोन दिवसांनी कळवलं की सरांशी बोललो. सर म्हणाले, बेल्ट कुठे पळून जात नाही, क्लासला येत राहा. दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की या मार्गावर सुरू केलेलं काही वाया जात नाही. आठ वर्षांची कराटे एका वर्षाच्या सावकाशीने वाया कशी जाईल?

हे तीन आठवड्यांपूर्वीचं. त्याची भरती होईल की नाही मला माहीत नाही. पुस्तकावर झोप येणं थांबलंय एवढं तो म्हणतो. आणि बसमध्ये मात्र पहिले आठ दिवस वाचायच्या ऐवजी तो सरळ झोपूनच गेला. मी म्हटलं, झोप, दीड वर्षाची उधारी आहे.

एक प्रश्न राहिला. उमरेडच्या खाणीत तीन पाळ्यांत काम करणारी, बुटीबोरीला रात्रपाळी करणारी मंडळीही हे वाचतात. त्यांना पहाटे पाचला मैदानावर या म्हणणं चुकीचं आहे. श्लोकात रात्री झोपा असं लिहिलेलं नाही, मापाने झोपा असं आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात खोली अंधारी करून सकाळीच झोपा, घरच्यांना सांगून ठेवा की दार वाजवू नका. उठल्यावर खाऊन मग हलका व्यायाम, जड वजनं दिवसपाळीच्या आठवड्यासाठी ठेवा. नाम कुठल्याही पाळीत चालतं.

उद्या अठरावा श्लोक. आज दहाच्या आत झोपा.

राम कृष्ण हरी.